मशीनचे कार्ड जळाले. फोटोवरून नवे करून मिळेल का?

भोसरी, सातपूर किंवा इचलकरंजीच्या कारखान्यांत त्या वस्तूला कुणी 'सर्किट बोर्ड' म्हणत नाही. 'मशीनचे कार्ड गेले' एवढेच म्हणतात, आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळे कळते. यंत्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून किंवा जर्मनीहून सेकंडहँड आणलेले असते. मूळ कंपनी एव्हाना दोन-तीनदा विकली गेलेली असते किंवा पुरती बंद पडलेली असते. लोखंडी सांगाडा, मोटर, दातेरी चाके ठणठणीत असतात. पण तळहाताएवढ्या हिरव्या पाटीवरचे तांबे काळे पडलेले असते आणि त्यापायी सगळे यंत्र भंगारात जाण्याच्या बेतात असते. मग ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवर दोन फोटो येतात, एक पुढून आणि एक मागून. खाली एक ओळ असते: "दादा, तिकडे असे करून मिळेल का?"

प्रश्न रास्त आहे. असे कार्ड करून मिळते, आणि तेही केवळ ब्रिटनमध्येच नव्हे. दोन थरांचा साधा बोर्ड आज जगात कुठूनही पाच नगांच्या संख्येतही बनवून घेता येतो. अडते ते फोटो आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर. कारखान्याला फोटो नको असतो, फाइल हवी असते. या दोन गोष्टी दिसायला सारख्या आणि स्वभावाने भिन्न कशा, हे आधी नीट समजून घेतले तर पुढचा पुष्कळ मनस्ताप आणि खर्च वाचतो.

छापील म्हणजे खरोखर छापलेले

'प्रिंटेड सर्किट' या नावातले 'प्रिंटेड' हे विशेषण शब्दशः खरे आहे, आणि त्याचा उगम लंडनमध्येच आहे. पॉल आइसलर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता १९३६ मध्ये इंग्लंडला आला. रेडिओतल्या तारांचे जंजाळ काढून टाकून त्याऐवजी सपाट तांब्याचे पट्टे वापरता येतील, ही कल्पना त्याने हॅम्पस्टेडच्या भाड्याच्या जागेत राहत असतानाच करून पाहिली होती. एका मोठ्या ब्रिटिश कंपनीने ती नाकारली. तारा जोडणाऱ्या मुली याहून स्वस्त पडतात आणि हवे तसे कामही करतात, असे कारण आपल्याला दिले गेले, असे तो पुढे सांगत असे. १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्लंडनेच त्याला स्थानबद्धही केले. सुटका झाल्यावर त्याला आधार मिळाला तो कॅम्बरवेलच्या 'हेंडरसन अँड स्पॉल्डिंग' या शिळाछापाचा व्यवसाय करणाऱ्या मुद्रणसंस्थेत. मुद्रित सर्किटाच्या पेटंटसाठीचा त्याचा अर्ज १९४३ सालचा आहे.

मुद्रकाच्या छत्राखाली हा शोध पुरा व्हावा यात नवल नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली ज्या शिळाछापावर मराठी पंचांग छापले, त्याच कुळातली ही कला. जेथे शाई हवी तेथील पृष्ठभाग राखायचा आणि उरलेला निकामी करायचा. आइसलरने एवढेच केले की शाईच्या जागी तांबे ठेवले. पन्हळी न पडलेल्या सपाट तांब्याच्या पत्र्यावर नकाशाची प्रतिमा उमटवायची, प्रतिमेखालचे तांबे राखायचे, बाकीचे रसायनाने खाऊन टाकायचे. आजचे कारखाने मूलतः हेच करतात.

म्हणजे बोर्ड मुळात प्रतिमेतूनच जन्माला येत असे. पुढची तीन-चार दशके आरेखक पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून नकाशा दुप्पट किंवा चौपट मोठा तयार करीत, मग मोठ्या कॅमेऱ्याने तो लहान करून फिल्म काढीत. फिल्म हीच 'फाइल' असे. जुन्या ब्रिटिश कार्डांवरचे ट्रॅक कधी कधी हलक्या हाताने काढलेल्या रेघेसारखे वळलेले दिसतात, ते त्या चिकटपट्टीमुळे. मला स्वतःला ते फार देखणे वाटतात. पण त्यांची नक्कल करू बसलेल्याला ते रडकुंडीला आणतात.

गर्बर नावाची भाषा

कारखान्याला जी फाइल लागते तिला 'गर्बर' म्हणतात. हे नावही व्हिएन्नाच्याच एका निर्वासिताचे आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. जोसेफ गर्बर १९२४ साली तेथे जन्मला आणि १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोहोचला. विद्यार्थिदशेत त्याने आलेख मोजण्यासाठी लांबी बदलता येईल अशी एक पट्टी बनवली. तिच्या पहिल्या नमुन्यासाठी त्याने पायजम्याचे इलॅस्टिक वापरले होते. त्या पट्टीवर उभ्या राहिलेल्या कंपनीने पुढे फोटोप्लॉटर तयार केला. अंधाऱ्या खोलीत फिल्मवर प्रकाशाचा ठिपका फिरवून नकाशा रेखणारे हे यंत्र. त्याच्या चक्रावर निरनिराळ्या आकारांची मोजकी छिद्रे असत: गोल, चौकोनी, लहान, मोठी. यंत्राला सांगायच्या गोष्टीही मोजक्याच होत्या: कोणते छिद्र घ्यायचे, कुठे जायचे, जाताना दिवा चालू ठेवायचा की बंद.

आजच्या गर्बर फाइलमध्ये तेच हुकूम जिवंत आहेत. डी०१ म्हणजे दिवा लावून सरक, डी०२ म्हणजे दिवा विझवून सरक, डी०३ म्हणजे जाग्यावर एकदा लखलख. डी१० पासून पुढचे क्रमांक छिद्रांचे. चक्रावरची छिद्रे केव्हाच गेली, आज लेझर असतो. क्रमांक मात्र राहिले. १९८० सालच्या मूळ मानकात छिद्रांची यादी वेगळ्या कागदावर पाठवावी लागे आणि ती हरवली की फाइल निरर्थक होई. १९९८ च्या विस्तारित आवृत्तीत ही यादी फाइलीतच आली. सध्या हे मानक बेल्जियममधील उकॅम्को कंपनी सांभाळते. २०१४ साली तिने आणखी एक भर घातली, जिच्यामुळे फाइलला स्वतःचा थर कोणता हेही सांगता येते, आणि जुनी यादीविरहित पद्धत तिने त्याच वर्षी रद्दबातल ठरवली.

फोटो आणि गर्बर यांतला भेद आता स्पष्ट होईल. फोटो म्हणतो, 'या लाखो ठिपक्यांपैकी हे ठिपके तांबूस आहेत.' गर्बर म्हणते, 'पाव मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र घे, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ.' बिंदूंची मोजणी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत लिहिण्याची तिच्यात सोय आहे. शिवाय एका फाइलमध्ये एकच थर मावतो. दोन बाजूंच्या साध्या कार्डाला वरचे तांबे, खालचे तांबे, दोन्ही बाजूंचे हिरवे लेपण म्हणजे सोल्डर मास्क, पांढरी अक्षरे, बाहेरची कडा आणि छिद्रांची स्वतंत्र ड्रिल फाइल अशा सात-आठ फाइली लागतात. यांतली मास्कची फाइल उलट्या स्वभावाची असते. तिच्यात जे काढलेले असते तेथे लेपण नसते. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या खेपेस हमखास फसतो आणि त्याला सर्वांगाने उघडे, फक्त सोल्डर करायच्या जागी झाकलेले बोर्ड मिळतात.

फोटो नको, स्कॅन पाठवा

चुलतभावाला पहिला निरोप हाच द्यावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंगाची वक्रता असते, हात किंचित तिरपा असतो, आणि कडेचे अंतर मधल्या अंतराशी जुळत नाही. टेबलावरचा साधा स्कॅनर या कामात महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. १२०० डीपीआयला एक ठिपका सुमारे ०.०२१ मिलिमीटरचा पडतो. जुन्या कार्डावरच्या पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रॅकसाठी हे पुरेसे आहे. मात्र पातळ, हलक्या स्कॅनरांना खोली दिसत नाही. काचेपासून जरा उंचावरचे सगळे धूसर येते. म्हणून कार्डावरचे सुटे भाग उतरवल्याशिवाय वरची बाजू नीट मिळत नाही. उतरवण्याआधी मात्र मोबाइलचे फोटो भरपूर काढावेत: कोणता कपॅसिटर कोणत्या दिशेने बसला होता, कोणत्या आयसीची खाच कुणीकडे होती, रोधकांवरचे रंगपट्टे कोणते. फोटोचा खरा उपयोग येथे आहे.

त्याहूनही आधीचे एक काम आहे. कार्डावर स्टिकर चिकटवलेली आयसी असेल आणि स्टिकरखाली काचेची खिडकी असेल, तर ती ईप्रॉम आहे आणि यंत्राचा प्रोग्राम तीत आहे. स्टिकर काढून ती उन्हात ठेवू नये. अतिनील प्रकाशाने ती पुसली जाते. पुसली नाही तरी दशकांनंतर तिची स्मृती आपोआपही क्षीण होते. पुण्या-मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळणाऱ्या प्रोग्रामरवर ती प्रथम वाचून तिची प्रत जपून ठेवावी. बोर्डाची हुबेहूब नक्कल झाली आणि प्रोग्राम गेला, तर हाती राहते ते एक सुंदर हिरवे ताट.

स्कॅन झाल्यावर माप बसवायचे. पट्टी शेजारी ठेवून स्कॅन करावे, पण भरवसा कार्डावरच्याच एखाद्या प्रमाण वस्तूवर ठेवावा. चाळीस पायांच्या आयसीचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे एक दशांश इंचावर असतात. एका ओळीतल्या पहिल्या आणि विसाव्या पायामध्ये १९ अंतरे, म्हणजे ४८.२६ मिलिमीटर. १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये हे अंतर बरोबर २२८० ठिपके यायला हवे. ते २२९१ आले, तर चूक अर्ध्या टक्क्याची आहे. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ. पण २४० मिलिमीटर लांबीच्या कार्डावर ती एक मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि कडेचा कनेक्टर बसत नाही. हेच मोजमाप आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे करावे, कारण स्कॅनरचा दिवा सरकवणारी मोटर आणि त्याचा संवेदक यांच्या चुका वेगवेगळ्या असतात. २.५४ ऐवजी सोयीसाठी २.५ धरण्याचा मोह टाळावा. विसाव्या पायापाशी पाऊण मिलिमीटरचा घोटाळा होतो. (पूर्व युरोपातल्या जुन्या यंत्रांत मात्र खरोखरच २.५ मिलिमीटरचे अंतर सापडते. तेथे इंच लावाल तर उलटी फसगत.)

खालची बाजू स्कॅन केली की ती आरशातल्यासारखी उलटी करून घ्यावी लागते, कारण सगळे थर वरून, बोर्डाच्या आरपार पाहिल्यासारखे रचायचे असतात. खालच्या तांब्यावरची अक्षरे फाइलीत उलटी दिसली म्हणजे सगळे ठीक चालले आहे. ती सरळ दिसू लागली, तर घाबरण्याचे कारण आहे. दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवताना कोपऱ्यांतली छिद्रे खुणेसाठी उपयोगी पडतात.

येथून पुढे दोन वाटा फुटतात. एक सोपी दिसते. प्रतिमा काळी-पांढरी करायची, संगणकाला कडा शोधायला लावायचे आणि निघालेल्या आकृत्या गर्बरमध्ये लिहायच्या. हे काम करणारी साधने फुकट मिळतात. मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या कायकॅडमध्येही चित्राचे रूपांतर करणारा एक विभाग आहे. तो मुळात बोधचिन्हे उमटवण्यासाठी आहे, आणि तेवढ्याच कामाला वापरावा. अशा फाइलमध्ये गोल पॅड हा हजार कोपऱ्यांचा ओबडधोबड बहुभुज होतो. धुळीचा कण दोन ट्रॅकमधला पूल बनतो, आणि गंजलेला तुकडा तुटलेलाच राहतो. कार्ड खराब झाले म्हणून तर नवे करायचे होते. ही पद्धत त्याच्या जखमांसकट नक्कल करते. सर्वांत मोठा दोष असा की, तांबे कुठे आहे हे या फाइलला ठाऊक असते, पण कोणता पट्टा कोणाला जोडलेला असायला हवा हे ठाऊक नसते. म्हणून चूक पकडण्याचा कोणताच स्वयंचलित मार्ग राहत नाही.

दुसरी वाट लांबची आणि खात्रीची. स्कॅन पडद्यावर फिकट पार्श्वभूमीसारखा ठेवायचा. कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, ही सोय बोर्डाच्या संपादकातच आहे. आधी मल्टिमीटरच्या 'बीप'वर एकेक जोडणी तपासून सर्किटचा नकाशा काढायचा, मग सुट्या भागांचे प्रमाण आराखडे स्कॅनवर नेमके बसवायचे आणि जुन्या ट्रॅकवरून नवा ट्रॅक गिरवायचा. गिरवणे हा शब्द येथे चपखल आहे. पाटीवर अक्षरे गिरवताना आपण पुसट रेघ सोडून अक्षराचा आकार पकडतो, तसेच हे. मोजलेली रुंदी ०.२९ मिलिमीटर आली, तर आरेखकाने ०.०१२ इंच, म्हणजे ०.३०५ मिलिमीटर योजले होते आणि रसायनाने कडा थोड्या खाल्ल्या, एवढा अंदाज बांधून मूळ माप लिहायचे. शेवटी नकाशा आणि बोर्ड जुळतात का, हे सॉफ्टवेअर स्वतः तपासते. स्कॅन आणि मल्टिमीटर यांत मतभेद झाला तर मल्टिमीटरचे ऐकावे.

चार किंवा अधिक थरांच्या कार्डाला हे सगळे पुरत नाही. आतले तांबे स्कॅनरला दिसत नाही. ते पाहायचे तर एक्स-रे किंवा सॅंडपेपरने थरामागून थर घासून प्रत्येक टप्प्यावर स्कॅन करणे, हे दोनच उपाय आहेत, आणि दुसऱ्यात मूळ कार्ड नष्ट होते. एकुलते एक कार्ड असेल तर असल्या धाडसाला आपण तरी हो म्हणू नये. तसेच ज्या कार्डावर २३० व्होल्टचा मुख्य प्रवाह थेट येतो, त्याच्या बाबतीत तांब्यातील अंतरे व मधल्या कापलेल्या फटी सुरक्षेसाठी योजलेल्या असतात. तेथे 'दिसते तसे' काढणे जिवावर बेतू शकते. ते काम जाणकारालाच द्यावे.

ब्लेचली पार्कचा धडा

छायाचित्रांवरून यंत्र पुन्हा उभे करण्याची सर्वांत मोठी कहाणी ब्रिटनचीच आहे. दुसऱ्या महायुद्धातील कोलोसस या संगणकाचे नकाशे १९६० मध्ये जाळण्यात आले होते. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये पुनर्बांधणी सुरू केली, तेव्हा हाताशी होती १९४५ मधली आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जवळ ठेवलेले सर्किटचे तुटक कागद. त्यांनी महिनोन्‌महिने छायाचित्रांवरून संगणकावर मापे काढून सांगाड्यांचे नकाशे पुन्हा रेखले. ६ जून १९९६ रोजी, मूळ यंत्राचे जनक टॉमी फ्लॉवर्स यांच्या उपस्थितीत, यंत्राचा पहिला टप्पा सुरू झाला. काम पुरे व्हायला २००७ उजाडले. याच संग्रहालयात केंब्रिजच्या एडसॅकचीही पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. हा संगणक प्रथम चालला ६ मे १९४९ रोजी. प्रकल्प बरीच वर्षे छायाचित्रांच्या आधारे चालल्यावर, २०१४ मध्ये, एका माजी कर्मचाऱ्याने टाकून देताना वाचवलेले १९ मूळ सर्किट-नकाशे पुढे आले. छायाचित्रांतून सांगाडा कळतो, विजेचा हेतू कळत नाही, हे त्या कागदांनी दाखवून दिले. म्हणून भोसरीच्या कपाटात यंत्राबरोबर आलेले जुने मॅन्युअल आहे का, हा प्रश्न स्कॅनच्याही आधी विचारावा. मागच्या पानांत घडी घातलेला नकाशा अनेकदा असतो.

हे कायद्यात बसते का?

ब्रिटनमध्ये असलेल्या वाचकाला ही शंका येणे स्वाभाविक आहे. येथील १९८८ च्या कॉपीराइट, डिझाइन्स अँड पेटंट्स कायद्याचे कलम ५१ सांगते की, एखाद्या वस्तूचा आराखडा दर्शवणाऱ्या कागदावरून ती वस्तू बनवणे हा त्या कागदाच्या कॉपीराइटचा भंग नव्हे. मॅकी विरुद्ध बेरिंजर या १९९९ च्या खटल्यात न्यायमूर्ती पमफ्री यांनी सर्किटचा नकाशा हा असाच आराखडा मानला. राहतो तो 'डिझाइन राइट'. तो आराखड्यापासून १५ वर्षे, किंवा वस्तू पहिल्या पाच वर्षांत विक्रीला आली असल्यास विक्रीपासून १० वर्षे, कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत टिकतो. १९९८ साली बाजारात आलेल्या कार्डावरचा हा हक्क बहुधा २००८ अखेर संपला. पेटंट असले तरी त्याची मुदत २० वर्षांची. मात्र ईप्रॉममधल्या प्रोग्रामचा कॉपीराइट दीर्घकाळ जिवंत राहतो, आणि कंपनीचे बोधचिन्ह नव्या कार्डावर छापणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. भारतातील कायदा स्वतंत्र आहे. तेथे विक्रीसाठी नग बनवायचे असतील तर तेथील वकिलाला विचारावे. स्वतःच्या यंत्राची दुरुस्ती आणि बाजारात विक्री या दोन गोष्टींत सगळीकडेच अंतर आहे.

घरगुती उपकरणांबाबत ब्रिटनने १ जुलै २०२१ पासून नियम केले आहेत. त्यानुसार धुलाई यंत्राची सर्किट बोर्डे व्यावसायिक दुरुस्तीकारांना दहा वर्षे आणि फ्रिजची सात वर्षे पुरवणे उत्पादकाला बंधनकारक आहे. कारखान्यातील यंत्रांना असा आधार नाही.

मागणी देताना

गर्बर तयार झाल्या की त्या वेगळ्या, फुकट मिळणाऱ्या दर्शक सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्यात. ज्या सॉफ्टवेअरने लिहिल्या त्याच्यावरच विसंबू नये. मग सर्व थर प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून घ्यावेत आणि तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भोसरीला पाठवावा, किंवा तेथेच छापायला सांगावे. छापताना 'पानाच्या आकारात बसवा' हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी. खऱ्या आयसी, कनेक्टर आणि स्क्रू त्या पुठ्ठ्यात टोचून बसतात का, हे चुलतभाऊ दहा मिनिटांत सांगेल. छिद्रांच्या मापाबाबत कारखान्याला तयार झालेले माप हवे असते; तांब्याचा मुलामा बसल्यावर छिद्र लहान होते, याची तजवीज तो स्वतः करतो. जाडी १.६ मिलिमीटर, तांबे ३५ मायक्रॉन, हे जुन्या कार्डांचे नेहमीचे माप आहे, तरी व्हर्नियर लावून एकदा पाहावे. ट्रॅकमध्ये उगीच ०.१ मिलिमीटरची अंतरे ठेवू नयेत. मूळ कार्डावर नव्हती, आणि ती ठेवली तर किंमत चढते.

बोर्ड आले की लगेच सोल्डरिंग गन हातात घेऊ नये. एक रिकामा बोर्ड बाजूला ठेवून मल्टिमीटरने निदान वीजपुरवठ्याच्या दोन्ही रेषा आणि कनेक्टरची प्रत्येक पिन जुन्या कार्डाशी ताडून पाहावी. पाचपैकी पहिल्यावरच सगळे भाग चढवावेत, आयसीसाठी सॉकेट लावावेत, आणि पहिल्यांदा वीज देताना आयसी सॉकेटमध्ये न बसवता व्होल्टेज मोजावे. सॉकेटवर अपेक्षित ५ व्होल्ट आले, तर मग बंद करून ईप्रॉम बसवायची. जुने कार्ड मात्र नवे चालू झाले तरी निदान वर्षभर टाकू नये.